कोरियाची ओळख : 'किम' आडनावाच्या निमित्ताने

रांजणगावच्या औद्योगिक वसाहतीत कोरियन कंपनीचा कारखाना आला, तेव्हापासून त्या भागातील बँकांत कोरियन माणूस दिसणे ही नवलाईची गोष्ट राहिलेली नाही. मी तिकडच्या एका शाखेत असताना एके दिवशी तिघे जण एकदमच खाती उघडावयास आले. तिन्ही पासपोर्टांवर आडनाव एकच, किम. मी सहज विचारले, "तुम्ही तिघे भाऊ का?" तिघेही हसले. त्यांचे एकमेकांशी दूरचेही नाते नव्हते. त्यांतील वयस्क गृहस्थाने भरलेला फॉर्म किंचित वाकून दोन्ही हातांनी माझ्यापुढे धरला. मी नेहमीप्रमाणे एका हाताने ओढून घेतला आणि मग मलाच ओशाळल्यासारखे झाले.

आपल्याकडे आडनाव ऐकले की पुढचे काही विचारावे लागत नाही. घर भाड्याने बघायला गेल्यावर मालक आधी नाव विचारतो, मग "पूर्ण नाव" विचारतो. त्या "पूर्ण" शब्दाचा अर्थ आपण सर्वजण जाणतो. त्यामुळे ज्या देशात दर पाच माणसांत एक किम आहे आणि किम, ली व पाक या तीनच आडनावांत जवळजवळ निम्मी लोकसंख्या सामावते, तिथे आडनावावरून माणसाचे काय कळत असेल, हा प्रश्न माझ्या मनात घर करून राहिला. उत्तर असे की काहीही कळत नाही. परंतु हे नेहमीच असे नव्हते. या प्रश्नाच्या पाठीमागे लागून जे वाचन झाले, ते वाचकांपुढे, विशेषतः विद्यार्थी मित्रांपुढे, ठेवीत आहे.

चीन आणि जपान यांच्या मध्ये समुद्रात उतरलेले कोरिया हे एक डोंगराळ द्वीपकल्प आहे. आज त्याची दोन राज्ये आहेत. दक्षिण कोरियाचे क्षेत्रफळ महाराष्ट्राच्या साधारण एक तृतीयांश भरेल, आणि लोकसंख्या पाच कोटींच्या थोडी वर आहे. प्राचीन काळी तेथे कोगुर्यो, पेक्चे आणि सिल्ला अशी तीन राज्ये होती. इ.स. ३७२ मध्ये चीनमधून सुन्दो नावाचे भिक्खू ग्रंथ व बुद्धमूर्ती घेऊन कोगुर्योच्या दरबारी आले. ३८४ मध्ये पेक्चे राज्यात मरानंत नावाचे भिक्खू आले. ते भारतीय होते असे परंपरा सांगते. सिल्लाच्या सरदारांनी मात्र दीर्घकाळ विरोध केला. ५२७ मध्ये इछादोन या दरबाऱ्याने धम्मासाठी आपले शिर दिले, तेव्हा कुठे तेथे धम्माला राजमान्यता मिळाली. पुढे सिल्लाने द्वीपकल्पाचा बहुतेक भाग एका छत्राखाली आणला. ग्योंगजू या त्यांच्या राजधानीजवळचे बुल्गुक्सा विहार आणि सोक्कुराम येथील शांत मुद्रेची पाषाणमूर्ती ही आठव्या शतकातील कामे आजही पाहावयास मिळतात.

याच सिल्लातील ह्येचो नावाचा तरुण भिक्खू आठव्या शतकात समुद्रमार्गे भारतात आला. कुशीनगर, वाराणसी, राजगृह, बोधगया अशी स्थळे पाहून तो दक्षिणेकडेही उतरला. त्याने वर्णिलेले दक्षिणेचे राज्य चालुक्यांचे असावे असे अभ्यासक मानतात. म्हणजे आपल्याच बाजूने त्याची पावले पडली असण्याचा संभव आहे. फा-हियान आणि ह्युएन-त्संग यांची नावे आपल्या शाळेच्या पुस्तकात असतात, ह्येचोचे नसते. त्याचे प्रवासवर्णन हरवलेच होते. १९०८ मध्ये चीनमधील तुन-हुआंगच्या गुहेत एका फ्रेंच संशोधकाला त्याची त्रुटित प्रत सापडली. आज ती पॅरिसच्या राष्ट्रीय ग्रंथालयात आहे.

त्यानंतरचा कोर्यो राजवंशाचा काळ (९१८ ते १३९२) हा कोरियातील बौद्ध संस्कृतीचा भरभराटीचा काळ होय. 'कोरिया' हे नाव या कोर्योवरूनच पडले. मंगोल स्वारीत १२३२ मध्ये त्रिपिटकाचे जुने कोरीव ठोकळे जळाले. तेव्हा राजा आणि दरबार एका बेटावर आश्रयाला गेलेले असतानाही ते काम पुन्हा हाती घेण्यात आले. सुमारे पंधरा वर्षे खपून लाकडी फळ्यांच्या दोन्ही बाजूंवर उलटी अक्षरे कोरण्यात आली. एकूण फळ्या ८१,२५८, आणि अक्षरे पाच कोटींहून अधिक. दक्षिण कोरियातील हेइन्सा विहारात त्या आजही शाबूत आहेत. तेथील कोठीची रचनाच अशी की खालच्या-वरच्या खिडक्यांच्या कमी-अधिक मापामुळे वारा खेळता राहतो आणि लाकडाला कीड वा ओल लागत नाही. १३७७ मध्ये छोंगजू येथील विहारात 'जिक्जी' हा बौद्ध ग्रंथ धातूच्या सुट्या खिळ्यांनी छापला गेला. गटेनबर्गचे बायबल त्यानंतर सुमारे पाऊणशे वर्षांनी आले.

हे सर्व अभिमानाने सांगताना दुसरी बाजू लपवू नये. कोर्योच्या काळात विहारांकडे अफाट जमिनी आल्या आणि त्या कसण्यासाठी दासही आले. समतेचा उपदेश करणारा संघ दासांचा मालक झाला. राज्य बदलले तेव्हा टीकाकारांना बोट ठेवायला हीच जागा सापडली.

१३९२ मध्ये चोसन राजवंश आला. तो पाचशेहून अधिक वर्षे, म्हणजे १९१० पर्यंत टिकला. या राज्याने कन्फ्यूशियसच्या परंपरेतील नवे तत्त्वज्ञान राज्याचा पाया म्हणून स्वीकारले. विहारांच्या जमिनी व दास सरकारजमा झाले, पंथांची संख्या घटवून दोनवर आणली गेली आणि पुढे भिक्खूंना राजधानीच्या वेशीच्या आत यायलाही मनाई झाली. ही मनाई १८९५ मध्ये उठली. कोरियातील जुने विहार डोंगरांत आढळतात, त्याचे एक कारण हेच होय. ज्या भिक्खूंसमोर राजे वाकत, त्यांची गणना आता हलक्या लोकांत होऊ लागली.

समाजाची उतरंड पक्की होती. सर्वांत वर यांगबान, म्हणजे जमीन, विद्या आणि अधिकार हाती असलेला वर्ग. त्यांच्याखाली वैद्य, दुभाषे, कारकून असा मधला वर्ग, मग शेतकरी-कारागीर सामान्यजन, आणि तळाशी हीन मानलेले लोक. यांत नोबी, म्हणजे दास, मोठ्या संख्येने होते. काही काळात लोकसंख्येचा सुमारे तिसरा हिस्सा दास असावा असा इतिहासकारांचा अंदाज आहे. आई वा बाप यांपैकी एक जरी दास असला तरी मूल दास, असा नियम बहुतेक काळ चालला. दास विकता येत, वारसांत वाटता येत.

पण दासांहूनही ज्यांचा विटाळ मानावा तसे दूर ठेवले जात, ते बेकजंग. गुरे कापणे, कातडी कमावणे, वाळुंजाच्या टोपल्या विणणे हे त्यांचे पिढीजात धंदे. वस्ती गावाबाहेर. कौलारू घर बांधायचे नाही, रेशीम अंगावर घालायचे नाही, मोठ्या माणसाने घोड्याच्या केसांची 'कात' नावाची काळी टोपी घालण्याची रीत होती ती त्यांनी पाळायची नाही. मुलांची नावे ठेवताना सद्गुणवाचक अक्षरे वापरायची नाहीत. बेकजंग म्हाताऱ्यानेदेखील सामान्य माणसाच्या पोराशी लवून, आदरार्थी बोलायचे. कोणत्या ग्रंथाचा हवाला नव्हता, पुनर्जन्माचा सिद्धान्तही नव्हता, तरी हे सारे घडले. जातीसारखी गोष्ट फक्त आपल्याच मातीत उगवते असे मानणाऱ्यांनी याचा विचार करावा.

'बेकजंग' या शब्दाचाच एक इतिहास आहे. मूळचा तो शिवीचा शब्द नव्हता. साध्या शेतकरी रयतेला तो लावीत. १४२३ मध्ये राजाने या वेगळ्या ठेवलेल्या लोकांना रयतेत मिसळावे म्हणून हे चांगले नाव त्यांना दिले. परिणाम उलटा झाला. रयतेने तो शब्द स्वतःसाठी टाकून दिला आणि तो फक्त या लोकांपुरता उरून शिवी बनला. वरून गोड नाव मिळाल्याने दर्जा बदलत नाही, हे आपल्याला कोणी नव्याने सांगायला नको.

हे नाव देणारा राजा सेजोंग. कोरियाच्या नोटेवर आज त्याचे चित्र आहे. हा माणूस विलक्षण होता. सरकारी दासींना त्याने बाळंतपणाची शंभर दिवसांची रजा दिली, पुढे बाळंतपणापूर्वीचाही महिना दिला. रजा दिली, दास्य मात्र काढले नाही. त्याचे खरे काम वेगळेच आहे. त्या काळी लिहिणे म्हणजे चिनी चित्राक्षरे लिहिणे. हजारो अक्षरे पाठ करायला वर्षानुवर्षे लागत, म्हणजे विद्या आपोआप यांगबानांच्या घरात राही. रयतेला आपले म्हणणे मांडायचे असले तरी मांडता येत नाही याचे वाईट वाटून आपण ही अक्षरे केली, असे सेजोंगने स्वतः नमूद केले आहे. १४४३ मध्ये लिपी तयार झाली आणि १४४६ मध्ये जाहीर झाली. हीच आजची हंगुल.

तिची युक्ती समजून घेण्यासारखी आहे. अक्षराचा आकार तोंडातील जागेवरून घेतलेला. 'म' म्हणजे मिटलेल्या तोंडाचा चौकोन. 'न' म्हणजे वर टेकलेल्या जिभेच्या शेंड्याचा कोन. 'स' म्हणजे दात, कंठासाठी वर्तुळ. श्वास जोराने सोडायचा असेल तर त्याच अक्षरात एक रेघ वाढवायची. स्वर तीन खुणांतून होतात, आकाशाचा ठिपका, जमिनीची आडवी रेघ आणि उभ्या माणसाची उभी रेघ. मूळ अठ्ठावीस अक्षरांपैकी आज चोवीस वापरात आहेत. आपल्या बाराखडीत कंठ्य, तालव्य, दंत्य, ओष्ठ्य असे वर्ग आहेत. उच्चारस्थानावरून अशी वर्गवारी करण्याची विद्या बौद्ध भिक्खूंच्या संस्कृत अध्ययनाबरोबर चीनमध्ये गेली होती आणि सेजोंगच्या पंडितांना ती परिचित होती. मला तर यामुळे ही लिपी परकी वाटत नाही. आमच्या त्या वयस्क किम गृहस्थांनी विड्रॉल स्लिपच्या पाठीमागे माझे नाव हंगुलमध्ये लिहून दाखवले, तेव्हा एवढेच कळले की 'भ' त्यांच्याकडे नाही. "जयभीम" लिहा म्हटल्यावर ते बराच वेळ विचारात पडले.

दरबारातील पंडितांनी १४४४ मध्येच या लिपीविरुद्ध अर्ज केला. चिनी अक्षरे सोडून आपली लिपी काढणे हे रानटी लोकांचे लक्षण, असा त्यांचा मुद्दा होता. राजाने लिपी मागे घेतली नाही, पण वरच्या वर्गाने तिला चारशे वर्षे जवळ केले नाही. बायकांची लिपी म्हणून तिची हेटाळणी झाली. बायका, सामान्यजन आणि डोंगरातले भिक्खू यांनीच ती जगवली. या लिपीतील अगदी आरंभीच्या गद्यग्रंथांत 'सोक्बोसांगजोल' हे तथागतांचे चरित्र आहे. राणीच्या निधनानंतर सेजोंगच्या मुलाने, राजपुत्र सुयांग याने, ते १४४७ मध्ये सिद्ध केले. बौद्ध धर्मावर बंधने घालणाऱ्या राजाच्याच घरात, त्याच्याच लिपीत, बुद्धचरित्र लिहिले गेले!

सरकारी दासांपैकी हजारोंची मुक्तता १८०१ मध्ये झाली. १८९४ च्या सुधारणांनी दास्य आणि वर्गभेद कायद्याने संपवले, आणि हंगुल सरकारी कागदात आली. त्याच सुमाराची गोष्ट. सोल शहरात पाक सोंग-छुन नावाचा बेकजंग आजारी पडला. राजाच्या नाडीला हात लावणारा कॅनेडियन डॉक्टर ॲव्हिसन त्याच्या घरी आला आणि त्याला बरे केले. तोच हात आपल्यालाही लागला, हे त्या माणसाच्या मनात खोल गेले. तो ख्रिस्ती झाला. १८९५ मध्ये त्याने सरकारकडे अर्ज करून बेकजंगांना काळी टोपी घालण्याचा हक्क मागितला आणि मिळवला. काही जण आनंदाच्या भरात ती टोपी झोपतानाही काढेनात अशी हकीगत सांगतात. १८९८ च्या सोलमधील मोठ्या जनसभेत हाच पाक व्यासपीठावरून बोलला. त्याचा मुलगा पाक सो-यांग १९०८ मध्ये डॉक्टर झाला. त्याच्या वैद्यकीय विद्यालयातून पाश्चात्त्य वैद्यक शिकून बाहेर पडलेल्या पहिल्या सात जणांत तो एक होता. हे काम संघाच्या हातून का झाले नाही, हा प्रश्न मला बौद्ध म्हणून टोचतो. संघ स्वतःच वेशीबाहेर होता हे उत्तर खरे आहे, पण पुरेसे नाही.

कायदा झाला, तरी मन आणि दप्तर बदलले नाही. १९१० मध्ये जपानने कोरिया गिळला. नव्या राजवटीच्या नोंदवह्यांत बेकजंगांच्या नावापुढे खाटीक असल्याचा शेरा वा तांबडा ठिपका पडतच राहिला. शाळेत नाव घालायला गेले की तो दाखला मागितला जाई आणि तेथेच गाडी अडे. दक्षिणेकडील चिंजू गावातील एका सधन बेकजंगाच्या मुलांना शाळेने नाकारले. त्यातून एप्रिल १९२३ मध्ये 'ह्योंगप्यंगसा' ही संघटना उभी राहिली. 'ह्योंग' म्हणजे तराजू, 'प्यंग' म्हणजे समपातळी. ज्या तराजूने मांस विकायचे, तोच तराजू त्यांनी समतेची खूण म्हणून निवडला. चांग जी-पिल हा जपानला जाऊन शिकलेला बेकजंग तरुण यात पुढे होता. नोकरीसाठी दाखला लागला तेव्हा त्यावरील शेरा पाहून त्याने नोकरीच सोडली होती. कांग सांग-हो हा वरच्या वर्गातला गृहस्थही त्याच्या खांद्याला खांदा लावून उभा राहिला. त्याला लोकांनी "नवा बेकजंग" म्हणून हिणवले. चिंजूत मांसावर बहिष्कार पडला. १९२५ मध्ये येछन येथे संघटनेच्या सभेनंतर जमावाने सभासदांवर हल्ले केले. जपानमध्ये अशाच बहिष्कृतांची 'सुइहेइशा' संघटना १९२२ मध्ये निघाली होती. या दोन संघटनांनी एकमेकींशी संबंध जोडला. राज्य करणाऱ्या देशातले बहिष्कृत आणि गुलाम देशातले बहिष्कृत एकत्र आले, ही गोष्ट इतिहासात फार वेळा घडत नाही. त्याच १९२३ च्या ऑगस्टमध्ये मुंबईच्या कायदे कौन्सिलात सार्वजनिक पाणवठे आणि शाळा सर्वांना खुल्या करण्याचा बोले यांचा ठराव झाला होता, आणि चवदार तळे चार वर्षांवर होते. चिंजू आणि महाड यांना एकमेकांचा पत्ता नव्हता. ह्योंगप्यंगसा १९३५ पर्यंत चालली, मग तिने नाव बदलले आणि तेजही गेले.

जपानी अंमलाच्या अखेरीस शाळांतून कोरियन भाषा काढून टाकण्यात आली आणि लोकांना जपानी पद्धतीची नावे घ्यावी लागली. शब्दकोश करणाऱ्या पंडितांना १९४२ पासून तुरुंगात टाकले. त्यांचे जप्त झालेले हस्तलिखित १९४५ मध्ये सोल स्टेशनच्या गोदामात सापडले. १५ ऑगस्ट १९४५ हा त्यांचा मुक्तिदिन. तारीख आपल्याच स्वातंत्र्यदिनाची, वर्षे दोन आधीची. पण आनंद टिकला नाही. देशाचे दोन तुकडे झाले आणि २५ जून १९५० ते २७ जुलै १९५३ असे भीषण युद्ध झाले. भारताने तेथे सैनिकी वैद्यकीय पथक पाठवले. युद्धबंदीनंतर कैद्यांच्या ताब्यासाठी गेलेल्या भारतीय दलाचे प्रमुख कोल्हापूरकडचे मेजर जनरल एस. पी. पी. थोरात होते.

आता किम आडनावाकडे परत येऊ. पूर्वी दासांना आणि हलक्या लोकांना आडनावच नसे. वंशावळीचे ग्रंथ यांगबानांचे. चोसनच्या शेवटच्या शतकांत पैसेवाले लोक वंशावळीत जागा विकत घेऊ लागले. १९०९ च्या नोंदणी कायद्याने प्रत्येकाला आडनाव घेणे भाग पडले, तेव्हा ज्यांना नव्हते त्यांच्यापैकी पुष्कळांनी किम, ली, पाक अशी मोठ्या घराण्यांची नावे लावली. पुढे दक्षिणेत १९५० मध्ये जमीनवाटप झाले. सुमारे साडेसात एकरांवरची जमीन सरकारने घेऊन कुळांना दिली. किंमत वर्षाच्या पिकाच्या दीडपट, पाच वर्षांच्या हप्त्यांनी. बँकेतल्या माणसाला हे हप्ते फार सोपे वाटतात. जमीनदारीचा कणा मोडला, आणि युद्धाने गावेच विस्कटली. लाखो निर्वासित पुसानसारख्या शहरात आले, तिथे कोणाचा आजोबा कोण हे सांगायला कोणी उरले नाही. १९४५ मध्ये बहुसंख्य प्रौढ निरक्षर होते, सेजोंगच्या चोवीस अक्षरांनी ते एका पिढीत वाचू लागले. उत्तर कोरियात मात्र घराण्याच्या पूर्वेतिहासावरून निष्ठावान, डळमळीत, शत्रू अशी प्रतवारी झाली आणि जन्माचा शिक्का दुसऱ्या रूपात परत आला.

रोजच्या जीवनाबद्दल थोडे. घराची जमीन खालून ऊब देऊन तापवायची, तिला ओन्दोल म्हणतात. म्हणून चपला बाहेर आणि बसणे-झोपणे जमिनीवर. जेवणात भात, रस्सा आणि किमची. हिवाळ्याच्या तोंडावर सारी आळी मिळून कोबी-मुळ्याचे हे आंबवलेले तिखट प्रकार घालते, आपल्याकडे उन्हाळ्यात बायका मिळून पापड-कुरडया करतात तसे. भेटल्यावर "जेवलात का?" हा साधा कुशलप्रश्न आहे. आईला ओम्मा, वडिलांना आप्पा. विहारातल्या जेवणात कांदा-लसूण नसतो. बुद्धजयंतीला रस्तोरस्ती कागदी कंदिलांची मिरवणूक निघते. १९७५ पासून त्या दिवशी सुटी असते. तरी २०१५ च्या जनगणनेत बौद्ध सुमारे साडेपंधरा टक्केच होते. निम्म्याहून अधिक लोकांनी आपला धर्म कोणताच नाही असे सांगितले.

जन्माची उतरंड गेली, वयाची आणि हुद्द्याची राहिली. समोरच्याचे वय कळल्याशिवाय क्रियापद कोणते वापरावे हेच ठरत नाही. म्हणून पहिल्याच भेटीत वय विचारले तर राग मानू नये. आणि परीक्षा! नोव्हेंबरातील विद्यापीठ प्रवेश परीक्षेच्या दिवशी इंग्रजी ऐकण्याचा पेपर चालू असताना विमानांचे चढणे-उतरणे थांबवतात. उशीर झालेल्या मुलांना पोलीस गाडीतून पोचवतात. तेगू शहराजवळच्या डोंगरावर टोपीसारखी शिळा डोक्यावर असलेली एक प्राचीन बुद्धमूर्ती आहे. परीक्षेपूर्वी शेकडो आया तिथे चढून जातात. खाजगी शिकवण्यांचा खर्च इतका की तरुण जोडपी मूल नको म्हणतात. इतर कारणेही आहेत, पण २०२३ मध्ये एका स्त्रीमागे मुलांचे सरासरी प्रमाण ०.७२ इतके खाली आले. आपल्या मुलांना स्पर्धेत ढकलणाऱ्या पालकांनी हा आकडा पाहून ठेवावा.

चिंजूत १९९६ मध्ये ह्योंगप्यंग चळवळीचे स्मारक उभारण्यात आले. आमचे पूर्वज बेकजंग होते असे उघड सांगणारा माणूस मात्र कोरियात सहसा भेटत नाही. ते मुक्त झाले म्हणून दिसत नाहीत, की अजून लपावेसे वाटते म्हणून, याचा निवाडा मला करता येत नाही.

वयस्क किम मायदेशी परतण्यापूर्वी खाते बंद करावयास आले, तेव्हा मी त्यांना त्यांचे मूळ गाव विचारले. आपण किम्हेचे किम, असे ते म्हणाले. त्या घराण्याची आदिमाता दोन हजार वर्षांपूर्वी भारतातून समुद्रमार्गे आलेली राजकन्या होती अशी दंतकथा तेराव्या शतकातील एका भिक्खूने लिहून ठेवली आहे, हे मला ठाऊक होते. मी म्हटले, म्हणजे तुम्ही आमच्याकडचेच. ते हसले आणि म्हणाले, वंशावळीचा ग्रंथ घरी आहे, पण आजोबांच्या आधीची पाने खरी की विकत घेतलेली, हे आमच्या घरात कोणालाच माहीत नाही. मग दोन्ही हात पुढे करून त्यांनी पासबुक दिले. या वेळी मीही दोन्ही हातांनी घेतले.